साडभाऊंची जीप आणि बावीस अँपिअर

भंडारा जिल्ह्यात जितके तलाव आहेत तितकी तऱ्हेवाईक माणसं आहेत, असं माझं जुनं मत आहे. पण ती सगळी माणसं तराजूच्या एका पारड्यात घातली आणि दुसऱ्यात नुसते आमचे साडभाऊ बसवले, तरी काटा साडभाऊंकडेच झुकेल, यात मला तिळमात्र शंका नाही. इतर ठिकाणी ज्याला साडू म्हणतात त्याला आमच्याकडे साडभाऊ म्हणतात. हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना 'भाऊ' म्हणायचो आणि ते मला 'मास्तर' म्हणायचे, कारण मी लाखनीच्या शाळेत मराठी शिकवायचो. मराठी शिकवणाऱ्या माणसाबद्दल त्यांच्या मनात अपार करुणा होती. "मास्तर, तुमचा काही दोष नाही," ते एकदा मला फार समजुतीनं म्हणाले, "तुमाले कोनं टायमावर सायन्स शिकवलंच नाही."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच लग्नात. तेव्हा ते तुमसरच्या एका राइस मिलमध्ये विजेच्या मोटारी सांभाळायचे. धोतर, वर खाकी शर्ट, शर्टाच्या एका खिशात टेस्टर, दुसऱ्या खिशात काळ्या चिकटपट्टीची गुंडाळी, असा त्यांचा लग्नाला यायचा पोशाख. मंगलाष्टकांची चार कडवी झाली असतील नसतील, एवढ्यात मांडवाच्या कोपऱ्यातून "थांबा!" अशी आरोळी आली. भटजींचा आवाज घशातच राहिला. माझ्या वडिलांचा चेहरा पांढरा पडला. लग्नात मध्येच कोणी थांबा म्हटलं की माणसाच्या मनात काय काय येतं! साडभाऊ मात्र वर पाहत होते. "हा जॉइंट गरम होऊन राह्यला. कोनं केला हा जॉइंट?" कोणी कबूल होईना. तेव्हा त्यांनी सगळ्या मांडवाची वीज बंद केली आणि खुर्चीवर खुर्ची ठेवून वर चढले. लाउडस्पीकर मुका झाला आणि उरलेली मंगलाष्टकं भटजींना स्वतःच्या गळ्यानं म्हणावी लागली. अंतरपाटाच्या पलीकडून कोणीतरी हसू दाबल्याचा आवाज मला आला. ती माझी होणारी बायको होती. आपला संसार बरा होणार, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि ते खरंही ठरलं.

पुढे त्यांचे वडील वारले आणि ते मिल सोडून एकोडीला धानाची शेती पाहायला आले. मिल सुटली, पण मिलची भाषा सुटली नाही. जगात जे जे काही आहे त्याची एक ताकद ठरलेली आहे आणि त्या ताकदीपेक्षा जास्त लोड त्याच्यावर टाकणं हे पाप आहे, हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. खंडीभर धान लादलेली बैलबंडी रस्त्यानं चालली की ते गाडीवानाला उभं करून बैलांच्या वतीनं भांडत. बसमध्ये जागा मिळाली नाही तर ते उभ्यानं प्रवास करत नसत. "हिचा लोड पुरा झाला" म्हणून खाली उतरून पुढच्या बसची वाट पाहत, आणि पुढची बस बहुधा दुसऱ्या दिवशी असे. घरी पाहुणा जेवायला बसला आणि ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, आग्रहानं तिसऱ्यांदा भात वाढायला घेतला, की हे पाहुण्यासमोरच म्हणत, "लोड पाह्य न! मानूस आहे का गोदाम?" ताई कपाळाला हात लावत. पाहुणा हात आखडता घेई. पण एक सांगितलं पाहिजे. त्यांच्या घरी जेवून पोट बिघडलं, असं कोणी कधी म्हटलं नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी त्यांनी नागपूरहून एक जीप आणली. सरकारी कामातून काढून टाकलेली, लिलावात निघालेली ती जुनी जीप होती. दारं नव्हती, वरचा कापडी टप फाटक्या पोत्यासारखा होता, आणि हॉर्न वाजला की म्हशीचं आजारी रेडकू ओरडल्याचा भास होई. शेजारपाजारच्या बायका पाहत होत्या म्हणून ताईंनी तिला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि घरात गेल्यावर मला विचारलं, "काहो, हे चालते का नुसतं उभं राह्यते?" पण जीप चालत होती, आणि अशी चालत होती की पाहत राहावं. तिची चारही चाकं ओढत. नाल्याचं पाणी, चिखल, धानाच्या बांध्यांमधले मातीचे उंच धुरे, कशाचंच तिला काही वाटत नसे. जिथे बैल गुडघ्यावर बसत तिथून ती गुरगुरत वर येई. एकाच गोष्टीत ती कमी होती. तिचे पुढचे दिवे. त्या दिव्यांचा उजेड पाहायला दुसरा दिवा घेऊन जावं लागलं असतं.

याचा अनुभव मी त्यांच्या शेजारी बसून घेतला. धान कापणीचे दिवस होते. दिवस मावळल्यावर आम्ही लाखनीहून एकोडीला निघालो होतो. साडभाऊ मला मोटार आणि डायनॅमो यांतला फरक समजावून सांगत होते आणि मी समजल्यासारखी मान हलवत होतो. एका ठिकाणी रस्ता वळला, पण आमच्या दिव्यांना ते कळलं नाही. आम्ही सरळ गेलो, आणि कोणाच्या तरी बांधीत रचून ठेवलेल्या धानाच्या पेंढ्यांवर जाऊन मऊसूत उभे राहिलो. शेताचा मालक कंदील घेऊन धावत आला. साडभाऊ शांतपणे खाली उतरले, दिव्याच्या काचेवरून बोट फिरवलं आणि त्याला म्हणाले, "दिवा लहान आहे."

"दिवा लहान आहे त घरी बसा न जी!" मालक ओरडला.

"नाही," साडभाऊ म्हणाले, "दिवा मोठा करतो."

हे ते इतक्या ठामपणे म्हणाले की त्या माणसाचा राग ओसरला आणि जीप बाहेर काढायला त्यानंच खांदा लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडभाऊ स्वतः जाऊन त्याच्या पेंढ्या रचून आले.

पण दिवा मोठा करण्याची पहिली खटपट त्यांना नडली. लाखनीला हमरस्त्याच्या कडेला मोडक्या ट्रकांचा ढीग असे. तिथून त्यांनी ताटाएवढे दोन दिवे आणले आणि उत्साहाच्या भरात ते जुन्याच तारांना जोडून दिले. त्याच आठवड्यात शेजारच्या घरचं लग्न होतं. नवरदेव साडभाऊंच्या जीपमध्ये बसला, पुढे बँड, आणि साडभाऊंनी बटण दाबलं. असा उजेड एकोडीनं कधी पाहिला नव्हता. बँडवाल्यांच्या पाठीवरच्या शिवणीसुद्धा मोजता येत होत्या. झाडावरचे बगळे पहाट झाली समजून उडाले. लोकांनी साडभाऊंचा जयजयकार केला. त्यानंतर थोड्याच वेळात मला काहीतरी करपल्याचा वास आला. मला वाटलं, पंगतीचं काही लागलं असेल. पण धूर जीपच्या स्टिअरिंगजवळच्या पाटीमागून निघत होता. आतल्या तारांवरचं रबर वितळून त्या एकमेकींना चिकटल्या आणि हॉर्न आपोआप वाजायला लागला. तो थांबेचना. बँडवाल्यांनी थोडा वेळ त्या सुराला साथ देऊन पाहिली. कोणीतरी पाण्याची बादली आणली. "पानी नोका टाकू!" असं ओरडत साडभाऊंनी बोनेट उघडलं, बॅटरीची तार उपटली, आणि सगळीकडे एकदम अंधार आणि शांतता झाली. नवरदेव पायी गेला.

गावाला पुढे महिनाभर हसायला विषय मिळाला. साडभाऊ आठ दिवस माझ्याशिवाय कोणाशी बोलले नाहीत. त्यांना लोक हसले याचं दुःख नव्हतं. मी भेटायला गेलो तेव्हा ते पडवीत बसून त्या जळक्या तारा मांडीवर घेऊन पाहत होते. "मास्तर," ते म्हणाले, "पंधरा वर्सं मिलमधी लोकायले सांगत होतो का पयले तार पाहा, मंग लोड टाका. आन मीच पाहिलं नाही. गाडीत ते पोरगं बसलं होतं. त्याच्या अंगावरचे कपडे नवे होते, पेटले असते त?"  

नवव्या दिवशी त्यांनी कोळसा घेतला आणि पडवीच्या भिंतीवर हिशेब मांडायला सुरुवात केली. भिंत ताईंनी त्याच दिवाळीत चुन्यानं पोतली होती. ताई काही बोलल्या नाहीत. आठ दिवसांनी नवरा बोलायला लागला होता, त्यापुढे भिंतीचं काय? मी पुढच्या वेळी गेलो तोवर भिंत पार चौकटीपर्यंत भरली होती. मला समोर बसवून त्यांनी सगळं समजावलं, आणि एखाद्या कवितेसारखं मला ते अजून पाठ आहे. जीपच्या इंजिनावर एक डायनॅमो असतो, तो वीज तयार करतो. आमच्या जीपचा डायनॅमो पूर्ण वेगात बावीस अँपिअर द्यायचा. त्याच्यावर एकही नाही. तुम्ही जास्त मागितली तर ती बॅटरीतून जाते, आणि बॅटरी संपली की इंजिनही बंद. शिवाय तार बारीक असली तर ती वीज वाहता वाहता तापते आणि नवरदेवाला पायी जावं लागतं. म्हणून दिवा किती मोठा लावायचा हे दिव्याला विचारायचं नाही, डायनॅमोला विचारायचं.

"पुढचे दोन दिवे मिळून आठ," त्यांनी कोळशानं खूण केली. "मधात एक मोठा दिवा, त्याचे आठ. इंजिनाची कॉइल तीन खाते. मांगचा लाल दिवा एक. किती झाले?"

"वीस," मी म्हणालो. एवढं गणित मराठीच्या मास्तरालाही येतं.

"आन दोन उरले. त्यायले हात लावाचा नाही."

"का?"

"काहून म्हंजे? मशीन असो का मानूस, त्याच्यातलं सगळंच्या सगळं काढून घेऊ नाही, मास्तर."

मग ते कामाला लागले. जुन्या तारा सगळ्या काढून जाड तारा घातल्या. प्रत्येक दिव्याला वेगळा फ्यूज दिला, म्हणजे एक बिघडला तर बाकीचे जळत राहावेत. कुठूनशी एक लोखंडी डबी आणली, तिला ते रिले म्हणत. तिचं काम त्यांनी मला असं सांगितलं: "चपराशी चिठ्ठी नेते आन साहेब सही करते. तसं हे लहान बटन नुसती चिठ्ठी नेते. मोठा करंट तिकडूनच्या तिकडे जाते, बटनेतून येत नाही, म्हनून बटन जळत नाही." समोरच्या पाटीवर त्यांनी एक काट्याचं मीटर बसवलं. काटा उजवीकडे गेला की बॅटरीत वीज भरते आहे, डावीकडे गेला की बॅटरी रिकामी होते आहे. आणि रोज संध्याकाळी जीप अंगणात उभी करून, दिवे लावून, ते प्रत्येक तार गालाला लावून पाहत. हाताला घट्टे पडलेले असल्यामुळे हाताला तापणं कळत नाही, गालाला कळतं, असं त्यांचं म्हणणं. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटे, हा माणूस जीपचा मुका घेतो आहे.

या सगळ्या कारभारात हॉर्नला जागा उरली नव्हती. तिन्ही दिवे लागलेले असताना हॉर्न वाजवायचा नाही, असा नियम झाला. मग समोर कोणी आलं तर? तर शेजारी बसलेल्यानं ओरडायचं. साकोली ते एकोडी हा रस्ता मी कितीतरी वेळा "बाजूला व्हा होऽ, गाडी येऊन राह्यली!" असं ओरडत पार केला आहे. एकदा माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याचे वडील सायकलवरून चालले होते. त्यांनी मला ओळखलं, नमस्कारही केला. पण पुढे शाळेत भेटले की ते माझ्याशी जरा जपून बोलत.

लाखनीच्या एका गॅरेजमध्ये गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा एक कारागीर होता. त्यानं साडभाऊंचं काम पाहिलं आणि पोट धरून हसला. "एवढी भानगड कायले जी, भाऊ? चार दिवे डायरेक्ट जोडून देतो न मी. घंट्याभराचं काम." साडभाऊंनी त्याच्याशी एक अख्खी दुपार वाद घातला. त्याला पटलं नाही. पण तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराला मात्र चार दिव्यांची कल्पना पटली आणि त्याच्या जीपला चार दिवे लागले. महिनाभर सगळी पंचक्रोशी त्याच जीपबद्दल बोलत होती. मग एका आठवडी बाजाराच्या दिवशी ती जीप भर बाजारात बंद पडून उभी राहिली, बॅटरीत काहीच उरलं नव्हतं, आणि चार मोठे दिवे आंधळ्यासारखे समोर पाहत होते. तिला ढकलायला सगळ्यात आधी साडभाऊ पुढे झाले. तोंडातून एक शब्द काढला नाही. फक्त त्या दिवशी घरी जेवताना त्यांनी तिसऱ्यांदा भात मागून घेतला, आणि ताईंनी तो काही न बोलता वाढला.

हे सगळं गमतीचं झालं. पण ज्या दिवसासाठी हे दिवे तयार झाले होते असं मला आता वाटतं, तो दिवस पुढच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आला. सणासाठी आम्ही दोघं नवराबायको एकोडीला गेलो होतो. दुपार कलली आणि जंगलाच्या बाजूनं काळं आभाळ उठलं. असा वारा आणि असा पाऊस सुरू झाला की विजेचे खांब आडवे झाले आणि दिवेलागणीच्या आधीच काळोख पडला. थोड्या वेळानं दारात एक म्हातारी बाई येऊन उभी राहिली, तिच्या मागे दोन सुना. गावाबाहेरच्या मोठ्या तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या वस्तीतली ती माणसं होती. म्हातारीची दोन्ही मुलं डोंग्यात बसून जाळी काढायला गेली होती आणि परत आली नव्हती.

"कंदील टिकून नाही राह्यले, भाऊ," म्हातारी म्हणाली. "आन तिकडे सांडवा सुटला."

सांडवा म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी जिथून बाहेर पडतं ती जागा. अंधारात दिशा चुकून डोंगा त्या ओढीत सापडला तर खाली खडकच होते. साडभाऊंनी पुढचं काही विचारलं नाही. मला म्हणाले, "चला मास्तर," आणि मी छत्री शोधेपर्यंत जीप सुरू झालेली होती.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढणारी वाट म्हणजे निव्वळ चिखल झाला होता. त्या दिवशी दुसरी कोणतीही गाडी तिथे चढली नसती. आमची चढली, दोनदा मागे घसरली, पण चढली. वर तीस-चाळीस माणसं भिजत उभी होती. साडभाऊंनी जीपचं तोंड पाण्याकडे केलं आणि तिन्ही दिवे लावले. पाऊस एकदम पांढरा दिसायला लागला. पुढच्या दोन दिव्यांत जवळचं गवत आणि कमळाची पानं दिसत होती. मधला मोठा दिवा मात्र पाण्यावरून लांबवर गेला होता. लोकांनी आनंदानं आरोळी ठोकली, आणि त्याच क्षणी साडभाऊंनी पुढचे दोन दिवे बंद केले.

"अहो, लावा न जी! काहून बंद केले?" सगळीकडून ओरडा सुरू झाला. म्हातारीनं हात जोडले. मलाही राहवेना. मी म्हणालो, "भाऊ, लावून ठेवा ना तिन्ही. जळाले तर जळाले!"

"मास्तर, गाडी उभी आहे," ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "उभ्या गाडीत इंजिन जास्त पळवलं त तापते, म्हनून डायनॅमो अर्धाच देते. तीन दिवे लावले त थोड्या वेळात बॅटरी बसन, मंग इंजिन बंद, मंग ना दिवा ना गाडी. एक दिवा ठेवला त सकाळलोक जळन. त्यायले किती वेळ लागन ते तुमाले माहीत आहे का? मले नाही." मग त्यांनी मला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं आणि माझा पाय पेट्रोलच्या पट्टीवर ठेवला. "एवढाच दाबून ठेवा. हा काटा मधात राह्यला पाहिजे. डावीकडे गेला का मले सांगा."

कोणी म्हणालं, दिवा इकडेतिकडे फिरवा, म्हणजे ते कुठे आहेत ते दिसेल. साडभाऊंनी तेही ऐकलं नाही. "आपल्याले ते दिसून काय फायदा? त्यायले पाळ दिसली पाहिजे. दिवा हालला त त्यायले समजन कसं, पाळ कोन्या बाजूनं आहे?" आणि ते दिव्याच्या शेजारी, पावसात, खांबासारखे उभे राहिले.

अशा वेळी उभं राहणाऱ्याचं फार वाईट होतं. काही करत नाही असं दिसतं. धाकट्या सुनेचा भाऊ, पंचविशीचा दांडगा गडी, त्याला ते सहन झालं नाही. तो शिव्या देत जीपमध्ये वाकला आणि त्यानं बाकीच्या दिव्यांचं बटण दाबलं. काटा सर्रकन डावीकडे पडला. मी ओरडलो. मोठा दिवा पिवळट पडायला लागला. साडभाऊ आले, पण त्यांनी त्याला ढकललं नाही. त्याचं मनगट धरलं आणि म्हणाले, "बाबू, तुही बहीण रडून राह्यली, मले दिसून राह्यलं. मले पन रडू येऊन राह्यलं. पन तू हा काटा पाह्य. पाह्य न बाबू." त्या गड्यानं काट्याकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं. मग त्यानंच बटण बंद केलं. दिवा पुन्हा पांढरा झाला. तो खाली उतरला, तलावातून बादली भरून आणली आणि तापलेल्या रेडिएटरवर हळूहळू पाणी सोडत बसला. त्यानंतर शेवटपर्यंत तो साडभाऊंच्या शेजारून हलला नाही.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. माझा पाय आधी दुखला, मग बधिर झाला, मग तो माझा आहे हेच मी विसरलो. मी फक्त काटा पाहत होतो. मध्ये मध्ये साडभाऊ वाकून तारेला गाल लावत आणि पुन्हा उभे राहत. पाऊस थोडा कमी झाला. आणि मग पाण्यावरून बारीकशी हाक आली. "होऽ!"  पुन्हा आली. उजेडाच्या पट्ट्यात, लांब, दोन डोकी दिसली आणि त्यांच्यामध्ये उलटा झालेला डोंगा. त्याला धरून, पायानं पाणी मारत, ते दोघं भाऊ सरळ दिव्याच्या रेषेत येत होते. दहा-बारा माणसांनी पाण्यात उड्या टाकल्या.

थोरला भाऊ पाळीवर चिखलातच बसला. दात वाजत होते, तरी तो बोलत होता. "काहीच दिसत नव्हतं. डोंगा पालटला आन दिशाच गेल्या. सांडव्याचा आवाज त सगळीकडूनच ये. मंग एक दिवा दिसला. तो हालेच ना. मी याले म्हटलं, जो हालत नाही तो पाळीवरच आहे, चाल." म्हातारी दोघांच्याही डोक्यावरून हात फिरवत होती.

साडभाऊंनी दोघंही नीट आहेत हे स्वतः जाऊन पाहिलं, मगच दिवा बंद केला. "मास्तर, आता पाय काढा," ते म्हणाले. मला पाय काढता येईना. त्यांनीच दोन्ही हातांनी उचलून तो बाजूला ठेवला.  "तुमाले सायन्स जमते," ते म्हणाले आणि माझ्याकडे न पाहता बोनेट पुसायला लागले.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते दोघं भाऊ पळसाच्या पानांत गुंडाळलेला हातभर लांब मासा घेऊन साडभाऊंच्या दारात आले. साडभाऊ माळकरी. त्यांच्या घरात मासा कधी शिजला नव्हता. ताई आतून खुणा करत होत्या. साडभाऊंनी तो मासा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि ते भाऊ वळताच जीप काढून तडक लाखनीला माझ्या घरी आणून दिला. आम्ही जेवत असताना ते बाजूला पाटावर बसून राहिले. "कसा आहे?" "गोड आहे." "मीठ?" "बरोबर आहे." "काटे लय आहेत का?" सगळं नीट विचारून घेतलं, आणि परत गेल्यावर त्या भावांना सांगितलं, "मासा लय गोड होता, काटेही कमी होते." असं मग दर वर्षी व्हायला लागलं. आपण मासे खात नाही, हे त्यांनी त्या दोघांना कधी सांगितलं नाही. मी एकदा म्हटलं, "सांगून टाका ना." तर म्हणाले, "त्यायच्याकडे द्याले दुसरं काय आहे? मी नाही म्हटलं त ते कोठं ठेवतीन?"

एका उन्हाळ्यात साडभाऊ गेले. थोड्याशा तापाचं निमित्त झालं. जीप अंगणात उभी राहिली, आणि ताईंनी ती कोणाला दिली नाही.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी वाचत बसलो होतो. दारात कोणीतरी खाकरलं. पाहतो तर धाकटा भाऊ, हातात पळसाच्या पानांचा पुडका. एकोडीहून बस बदलत तो आला होता.

मी त्याला बसवलं, पाणी दिलं. मग मला वाटलं, आता तरी खरं सांगितलं पाहिजे. मी म्हणालो, "तुम्हाला सांगायचं राहिलं. भाऊ मासे खात नव्हते. कधीच नाही."

"मालूम आहे न जी," तो म्हणाला. "पयल्या सालापासून मालूम आहे. सारा गाव जानते."

"मग दर वर्षी आणायचे?"

तो थोडा हसला. "आमी मासा देला का ते गाडी काढत. पाळीच्या रस्त्यानं जात. आमच्या घरासमोर आले का मधला मोठा दिवा एक डाव लावत, दिवसाउजेडी, आन बंद करत. आमची माय तेवढ्यासाठी दारात बसून राहे." त्यानं पुडका माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "मायनं पाठवलं. म्हने, भाऊ नाही त काय झालं, मासा लाखनीलेच गेला पाहिजे."

माझ्या बायकोनं आतून येऊन तो पुडका घेतला. त्याला जेवून जा म्हटलं, पण साकोलीची बस सुटेल म्हणून तो उठला. मी त्याच्याबरोबर स्टँडपर्यंत गेलो.  बस आली, तो चढला, आणि खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "पुढच्या साली पन येतो जी, मास्तर."

मला तोवर मास्तर म्हणणारं एकच माणूस होतं. बाकी सगळे मला गुरुजी म्हणत. मी म्हणालो, "या."